मानाचे साक्षीदार

मरणाच्या बाबतीत मोतीरामनं कसलीही कसूर ठेवली नाही. तो घरच्या खाटेवर, पूर्ण शुद्धीत, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, डॉक्टर समोर बसलेले असताना आणि आधार कार्ड उशाशी ठेवून गेला. एकवीस दिवसांच्या आत मृत्यूची नोंद झाली. मागे रीतसर मृत्युपत्र होतं, आणि ते शोधायला कोणाला माळा उपसावा लागला नाही. बेदाण्याच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून त्यानं ते देवघरात ठेवलं होतं आणि ठेवल्याचं सगळ्यांना सांगितलं होतं.

नाशिकमधल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात मी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी 'प्रोबेट : समज आणि गैरसमज' या विषयावर व्याख्यान देतो. आदर्श मृत म्हणून त्यात मी मोतीरामचंच उदाहरण घेतो. तो माझा चुलतभाऊ, दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या मूळ गावी राहणारा. मी बत्तीस वर्षं कचेरीत काढली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो आणि आता शहरात राहतो. कागद कसा असावा हे मला कळतं, असं लोक म्हणतात. मीही नाही म्हणत नाही.

मृत्युपत्र साधं होतं. राहतं घर, पुढचं अंगण आणि विहिरीकडचे तीस गुंठे मुलगी कुसाबाई हिला. बाकी सगळी द्राक्षबाग, तीन एकर, मुलगा ज्ञानेश याला. ज्ञानेश नाशकात मोठ्या पगारावर आहे आणि गावी सणाला येतो. कुसाबाईला नवऱ्यानं बावीस वर्षांपूर्वी माहेरी आणून सोडलं, तेव्हापासून ती त्याच घरात आहे. बागेची छाटणी तिनं करून घेतली, फवारणीच्या दिवशी मजुरांच्या भाकऱ्या तिनं थापल्या, आईचं आणि मग बापाचं अंथरूण तिनं काढलं. तिला जायला दुसरी जागा नाही. एवढं एक घर तिच्या नावावर व्हायचं होतं, बाकी काही नाही.

ते व्हायला फक्त एक नोंद हवी होती. ती नोंद ज्या कार्यालयात होते त्याचं नाव मी घेणार नाही, कारण तिथले संतोष भाऊसाहेब अत्यंत नियमप्रिय गृहस्थ आहेत. त्यांनी मृत्युपत्र उजेडात धरलं, उलटं केलं, आणि विचारलं, "हे खरं आहे कशावरून?"

"बाबांची सही हाय की," कुसाबाई म्हणाली.

"ती त्यांचीच, हे कोण सांगणार? ते स्वतः तर येऊ शकत नाहीत. प्रोबेट आणा."

प्रोबेट म्हणजे, मी व्याख्यानात सांगतो त्याप्रमाणे, मेलेल्या माणसानं लिहिलेलं खरं आहे असं जिवंत माणसांनी दिलेलं प्रमाणपत्र. कुसाबाईनं निकिता नावाची एक वकील केली होती. वयानं लहान, बोलायला सरळ. तिनं कायदा दाखवला की नाशकातल्या मालमत्तेच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती नाही.

"मॅडम, सक्ती नाही म्हणूनच मागतोय," भाऊसाहेब शांतपणे म्हणाले. "सक्ती असती तर लोकांनी आपणहून आणलं असतं. आम्हाला मागायची वेळ आली नसती."

युक्तिवाद निर्दोष होता. मी तो वहीत उतरवून घेतला.

तरीही ज्ञानेशनं 'माझी हरकत नाही' एवढं लिहून दिलं असतं तर भाऊसाहेब विरघळले असते. ज्ञानेश भला माणूस. तो बहिणीला म्हणाला, "ताई, मला काही नको गं. फक्त सगळं कायदेशीर होऊ दे. उद्या कुणी तुझ्याकडे बोट दाखवायला नको." आणि तिच्याकडे कुणी बोट दाखवू नये म्हणून त्यानं स्वतःच लेखी हरकत नोंदवली. प्रकरण वादग्रस्त झालं, म्हणजेच सन्मानानं न्यायालयात गेलं.

न्यायालयात पहिल्याच तारखेला कळलं की प्रोबेट फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकालाच मिळतं. मोतीरामनं गावातल्या झुंबर नावाच्या वडीलधाऱ्याला नेमलं होतं आणि झुंबर मोतीरामच्या दोन वर्षं आधीच गेला होता. मग निकितानं दुसरा, लांबलचक नावाचा अर्ज केला, ज्यात व्यवस्थापक नसला तरी मृत्युपत्र सिद्ध करता येतं. अर्जाची प्रत पाहून संतोष भाऊसाहेबांनी आगाऊ कळवून ठेवलं, की आम्ही मागितलं होतं प्रोबेट, हे काहीतरी वेगळंच दिसतंय, तरी मिळाल्यावर पाहू.

सिद्ध करायला साक्षीदार लागतात. मृत्युपत्रावर दोन होते, पुंजा आणि झुंबर. दोघेही मयत.

इथे मला थोडं मागे जायला हवं, कारण हे साक्षीदार निवडले गेले त्या दिवशी मी तिथे हजर होतो.

आठ वर्षांपूर्वी गावात मृत्युपत्र जनजागृती शिबिर झालं. नाश्त्याला मिसळ होती, म्हणून चाळीस माणसं आली. मार्गदर्शक मी. मुद्दा क्रमांक चारमध्ये मी स्पष्ट सांगितलं होतं, की साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण निवडावा. पण गावात सही हा मान असतो. लग्नपत्रिकेत सगळ्यांत म्हाताऱ्याचं नाव सगळ्यांत वर छापतात, तो अंथरुणाला खिळलेला असला तरी. त्याच रीतीनं मोतीरामनं गावातले दोन सर्वांत जुने, सर्वांत वजनदार गृहस्थ निवडले. पुंजा चौऱ्याऐंशीचा आणि झुंबर त्याहून वडील. झुंबर सही करत नसे, तो अंगठा देई. मोतीरामनं आपल्याला मान दिला म्हटल्यावर त्या दोघांनीही लगेच आपापली मृत्युपत्रं करून टाकली, आणि मानाची परतफेड म्हणून मोतीरामला साक्षीदार घेतलं. पुंजाच्या कागदावर मोतीराम आणि झुंबर, झुंबरच्या कागदावर मोतीराम आणि पुंजा. तिघांनी एकमेकांना पेढा भरवला. फोटो आहे.

खरं सांगायचं तर मोतीरामनं आधी तरुणांकडेच पाहिलं होतं. पण सहीचा विषय निघाला आणि मिसळ खाऊन झालेल्या सर्वांना एकाच वेळी फवारणी आठवली. चार ट्रॅक्टर सुरू झाले. मग तो माझ्याकडे वळला. "तू कर की सही. सगळा मजकूर तुझ्याच अक्षरात हाय." मजकूर माझ्याच अक्षरात होता. मी म्हणालो, "मी मार्गदर्शक आहे. मार्गदर्शकानं सही केली तर बरं दिसत नाही." असा नियम कुठेही नाही, पण त्या वेळी तो असावा असं वाटलं.

असो. साक्षीदार मयत असतील तर तसं सिद्ध करावं लागतं. झुंबरचं काम सोपं गेलं. तो पेठला मुलीकडे वारला होता, तिथल्या दप्तरात नोंद होती. पुंजा मात्र जाऊन दीड वर्ष झालं तरी दप्तरात जिवंत होता. मतदार यादीत होता, पाणीवापर संस्थेत संचालक होता. न्यायालयानं त्याच्या नावानं समन्स काढलं. बेलिफ प्रामाणिक होता. त्यानं परत येऊन अहवाल दिला, 'साक्षीदार राहत्या घरी भिंतीवर, हार घातलेल्या स्थितीत आढळून आले. समन्स घेण्यास हात पुढे केला नाही.'

कुसाबाई पुंजाच्या मुलाकडे, ललितकडे गेली. मीही बरोबर होतो. हात जोडून तिनं सांगितलं, की बाबांची नोंद करून टाक.

"आक्का, आत्ता नाय जमायचं," ललित म्हणाला. "बागेची निर्यातीची नोंदणी बाबांच्या नावावर हाय. त्यांना मारलं तर माल कुणाच्या नावानं जाईल? एप्रिलात खुडा संपला का मारतो."

"तीन वर्षांमागं तू हेच म्हणला असता तर ते खूश झाले असते," कुसाबाई म्हणाली.

ललितनं शब्द पाळला. खुडा संपला, कंटेनर गेले, आणि मे महिन्यात पुंजाचं उशिरा नोंदवलेलं निधन झालं. कुसाबाईचा सगळा मोसम त्यात गेला.

आता एकच मार्ग उरला. साक्षीदार मयत असले तरी त्यांच्यापैकी एकाची सही आणि मृत्युपत्र करणाऱ्याची सही ओळखीची आहे, असं कोणी सांगितलं तरी चालतं. झुंबरच्या अंगठ्याशी ताडून पाहायला या मृत्युपत्रांबाहेरचा दुसरा ठसा कुठे सापडेना. राहिली पुंजाची सही. निकितानं ललितकडून पुंजाची दुसरी सही मागितली. पुंजा आयुष्यभर व्यवहार तोंडी करणारा माणूस. ललितनंही त्याला सही करताना कधी पाहिलं नव्हतं, निदान त्याचं म्हणणं तसं. त्याची ठळक, पूर्ण सही असलेला एकच कागद घरात निघाला, तो म्हणजे त्याचं स्वतःचं मृत्युपत्र.

ज्ञानेशचे वकील उभे राहिले आणि त्यांनी नम्रपणे विचारलं, की ही सही पुंजाचीच हे कशावरून? तर त्यावर साक्षीदार मोतीराम आणि झुंबर. मोतीरामची सही खरी कशावरून? तर तिचाच तर हा दावा चालू आहे. म्हणजे मोतीराम खरा ठरला तर पुंजा खरा, आणि पुंजा खरा ठरला तर मोतीराम. तिघं म्हातारे एकमेकांचा हात धरून बसले होते आणि कोणालाच आधी उठता येत नव्हतं. कोर्टात थोडं हसू झालं. कुसाबाई हसली नाही.

"सही करताना पाहिलेलं किंवा सही ओळखणारं एक माणूस द्या मला," बाहेर आल्यावर निकिता म्हणाली. "चाळीस जण होते ना शिबिराला?"

कुसाबाई चाळीसही घरांना गेली. मला त्या माहितीचा व्याख्यानात फार उपयोग होतो. अकरा जण म्हणाले, आम्ही मिसळ खायला गेलो होतो, कागदाकडे पाहिलंच नाही. सात जणांना शिबिर आठवतं पण वर्ष आठवत नाही, आणि वर्ष न आठवता बोलणं त्यांना बेजबाबदारपणाचं वाटलं. पाच जणांच्या मते त्या दिवशी ते गावातच नव्हते. शिबिराच्या फोटोत आहेत, पण गावात नव्हते. एकानं सांगितलं, की माझी स्वतःची कोर्टात एक केस आहे, दुसरी नको. बाकीच्यांनी चहा पाजला. तिला कोणी वाईट बोललं नाही. उलट निघताना प्रत्येकानं हेच सांगितलं, की घर तुझंच आहे, हे काय आम्हाला माहीत नाही होय?

शेवटी ती माझ्याकडे आली. चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद होती तरी. बेदाण्याची पिशवी टीपॉयवर ठेवली आणि पाणी पिऊन म्हणाली, "नाना, तुम्ही व्हते ना तिथं."

"होतो की. मार्गदर्शक होतो."

"बाबांची सही तुम्ही वळखता. पुंजाबाबांचीबी वळखता. तुमच्या म्होरं झाल्या दोन्ही."

"ओळखतो म्हणजे, कुसा, ओळखणं आणि शपथेवर ओळखणं यात फरक असतो."

"काय फरक असतो?"

मी तिला फरक समजावून सांगितला. त्याला बराच वेळ लागला. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरत होतं, जिना चढणं डॉक्टरांनी बंद केलं होतं, न्यायालय दुसऱ्या मजल्यावर होतं. शिवाय ज्ञानेशच्या मेव्हण्यानं माझ्या नातवाला नुकतंच कामाला लावलं होतं, पण हे मी सांगितलं नाही, कारण ते प्रक्रियेत बसत नव्हतं.

"मॅडम म्हनल्या, समन्स काढू का त्यांना?" कुसाबाईनं विचारलं.

"काढू दे ना. समन्स आलं तर येईनच मी. कायद्याचा मान राखणारा माणूस आहे. फक्त तिथे ऐन वेळी किती आठवेल, ते सांगता येत नाही. वय झालं आता."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "त्या भाऊबिजेला तर लगेच सही केली व्हती, नाना."

हे बोलायला नको होतं तिनं. बारा वर्षांपूर्वी भाऊबिजेला तिनं ज्ञानेशला हक्कसोड लिहून दिलं होतं. सगळ्या बहिणी देतात. माहेर तुटू नये म्हणून देतात. ज्ञानेशनं ओवाळणीत पैठणी घातली होती, जेवायला पुरणपोळी होती, वातावरण प्रसन्न होतं. त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे, पूर्ण नाव, पूर्ण पत्ता, नोंदणीकृत. दुसरी त्या मेव्हण्याची. दोघंही ठणठणीत आहोत. मोतीरामनं पुढे मृत्युपत्रात तिला घर दिलं ते त्या दिवसाची भरपाई म्हणूनच, असं तो मला म्हणाला होता. मला लाज वाटली. खोटं कशाला बोलू, त्या वेळी खरोखरच वाटली. मी तिला रिक्षापर्यंत सोडायला उतरणार होतो, पण गुडघा.

जाताना तिला रिकाम्या हातानं पाठवलं नाही. माझी पुस्तिका दिली, 'प्रोबेट : अठ्ठावीस सोप्या पायऱ्या'. सही करून दिली.

मृत्युपत्र पुराव्याअभावी सिद्ध झालं नाही. न्यायालयाचा काही दोष नव्हता, तिथे आलेल्या पुराव्यावरच निकाल होतो, आणि पुरावा आलाच नव्हता. मग ज्ञानेशनं हक्कसोड पुढे केलं. त्यात 'यापुढे कधीही, कसलाही हक्क सांगणार नाही' असं वाक्य होतं. निकिता म्हणाली, की बापाच्या मागे मिळणारा हक्क असा आधीच सोडता येत नाही, यावर वेगळा दावा लावता येईल, बारा-पंधरा वर्षं चालेल. ती तो दावा लावतेही आहे. संतोष भाऊसाहेबांनी मात्र हक्कसोडाचा कागद उजेडात धरला आणि उलटासुद्धा केला नाही. दोन साक्षीदार, दोन्ही हयात. आठवड्याभरात नोंद झाली. एवढा स्वच्छ कागद फार दिवसांनी पाहिला, असं ते म्हणाले.

ज्ञानेशनं बहिणीला बाहेर काढलं, असा कोणाचा समज झाला असेल तर तो चुकीचा आहे. त्यानं तिला नोकरी दिली. आमच्याकडे हल्ली वाइनरी पाहायला शहरातून खूप लोक येतात, आणि वाइन पिऊन झाल्यावर त्यांना गावाकडची ओढ लागते. ज्ञानेशनं घराला शेणाच्या रंगाचा ऑइलपेंट दिला. गॅस होता तो काढून चूल घातली. बाहेर पाटी लावली, 'कुसाताईंचं घर : अस्सल माहेरपणाचा अनुभव'. कुसाबाई सकाळी साडेनऊला कामावर येते आणि साडेसहाला जाते. जाते म्हणजे मागच्या पंपाच्या खोलीत. तिला नऊवारी दिली आहे, जी तिनं जन्मात कधी नेसली नव्हती, आणि छातीवर नावाचा बिल्ला.

मागच्या रविवारी आमच्या मंडळाची सहल तिथेच गेली. चाळीस ज्येष्ठ नागरिक. पिठलं, भाकरी, ठेचा. सगळ्यांचे डोळे पाणावले. एकजण म्हणाले, की आपण शहरात येऊन काय गमावलं हे आज कळलं. कुसाबाईनं मलाही इतर पाहुण्यांसारखंच वाढलं. भाकरी मात्र तीच, मोतीरामकडे मिळायची तीच.

निघताना तिनं अभिप्रायाची जाड वही माझ्यापुढे ठेवली. वर छापील ओळ होती, 'कुसाताईंचं घर आम्ही स्वतः येऊन पाहिलं.' खाली नाव, संपूर्ण पत्ता, मोबाइल, तारीख, सही. सगळ्यांनी भराभर सह्या केल्या, काहींनी दोनदा. मीही केली.

"पिनकोड राहिला, नाना," ती म्हणाली.

मी पिनकोड टाकला.

"ही चौथी वही. नऊशेवर सह्या झाल्या." तिनं वही मिटून बिल्ल्यावर दाबून धरली. "पुंजाबाबांवानी म्हातारे नाय, तुमचं मंडळ सोडलं तर समदे तरणेताठे, शिकलेले. आन् समद्यांनी लिहून दिलंय, घर कुणाचं हाय ते."

ही वाक्यरचना कोणाच्या डोक्यातून आली, असं मी ज्ञानेशला विचारलं. तो म्हणाला, ताईनंच सुचवली, छान आहे ना?

बसमध्ये बसण्याआधी मी सहज मागची पानं चाळली होती. त्यात तुमचंही नाव दिसलं. मार्चमधला रविवार असावा. 'घरच्यासारखं वाटलं, ताईंच्या हाताला चव आहे' असं लिहून पाच चांदण्या काढल्या आहेत, आणि मोबाइल नंबरही स्वच्छ अक्षरात आहे. निकिता वकील त्या वह्यांच्या प्रती काढतेय असं कानावर आलं आहे. तेव्हा येत्या काही दिवसांत तुमच्या नावानं कोर्टाचं एखादं पाकीट आलं तर गोंधळून जाऊ नका. तुम्ही काय सांगाल, हे मला ठाऊक आहे. तरी ते नीट, कायद्याच्या भाषेत कसं सांगायचं यासाठी मार्गदर्शन लागलं, तर दुसऱ्या शनिवारी पाच वाजता या. लिफ्ट आता सुरू झाली आहे.